दाव्यातली गाय, दोरातला माणूस

मंजुळाबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि तरीही भगवानराव देशपांड्यांना अख्ख्या गावात तिच्याइतका धाक दुसऱ्या कुणाचा नव्हता. चातुर्मासात ते मारुतीच्या देवळात पोथी वाचायचे. वाचता वाचता एखादी ओवी सुटली की मागच्या खांबाआडून आवाज यायचा, “काका, मधी एक राह्यली.” भगवानराव चष्मा सारखा करून मागचं पान उघडायचे, आणि खरंच एक राहिलेली असायची.

गाव अमडापूरच्या बाजाराचं. वऱ्हाड तेव्हा कागदावर निजामाचं होतं, हुकूम नागपूरहून सुटत, आणि दाद मागायची तर बुलढाण्याला पायपीट करावी लागे. एका मुलखाला दोन धनी असल्यावर एका पोथीत दोन गोष्टी असल्या तर लोकांना नवल वाटायचं कारण नव्हतं, आणि वाटतही नव्हतं. लोक माना डोलवायचे, प्रसाद घ्यायचे आणि घरी जायचे. मंजुळाबाई तेवढी मान न डोलवता जायची.

ती पोथीला येऊ लागली ती काही भक्तीनं नव्हे. खरं सांगायचं तर रागानं.

तिचा नवरा पुंजाजी किसनराव पाटलांकडे सालदार होता, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. नऊ वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात पाटलांच्या मळ्यातल्या विहिरीचा गाळ काढायचा होता. पुंजाजीच्या कमरेला दोर बांधला आणि त्याला खाली सोडला. मंजुळाबाई भाकर घेऊन मळ्यात पोचली तेव्हा त्याची दुसरी खेप चालली होती. अर्ध्या विहिरीतून त्याचा आवाज वर आला, “पाटील, दोर झिजला. दुसरा द्या.”

पाटील काठावर पान लावत उभे होते. त्यांनी खाली वाकूनही पाहिलं नाही. “आजचा दिस काढ बे,” ते म्हणाले, “उद्या पाहू.”

उद्या पाहायला पुंजाजी राहिला नाही. तिसऱ्या खेपेला दोर तुटला.

गावचे पोलीसपाटील किसनरावच. पंचनामा त्यांनीच केला, चौघांनी अंगठे उठवले, आणि गडी पाय घसरून पडला असं लिहून कागद पुढे गेला. दोराचं नाव त्या कागदावर आलं नाही, आणि मंजुळाबाईला काही विचारावं असं कुणाला वाटलं नाही. पाटलांनी त्या वर्षी तिच्या घरी ज्वारी धाडली, ती तिनं घेतली, कारण पदरात चार वर्षांची पोर होती. दहाव्याला भगवानराव समजूत घालायला आले. “बाई, माणूस आपल्या प्रारब्धानं येतो आणि प्रारब्धानं जातो. पोथीच तसं सांगते.”

“कोन्त्या पानावर?” मंजुळाबाईनं विचारलं.

दुःखानं बाईचं डोकं फिरलंय, असं समजून सगळ्यांनी ते सोडून दिलं. डोकं मुळीच फिरलं नव्हतं. तिला पान हवं होतं. वाचता येत नाही म्हटल्यावर एकच रस्ता होता, ते पान वाचलं जाईल तेव्हा हजर असणं. त्या वर्षीच्या चातुर्मासापासून ती खांबामागे बसू लागली.

नऊ चातुर्मास गेले. ते पान काही आलं नाही, भलतंच बरंच काही आलं. एके दिवशी पोथी म्हणाली की मुंगीपासून हत्तीपर्यंत आत्मा एकच, भेद पाहतो तो आंधळा. महिन्यानं तीच पोथी म्हणाली की चौऱ्यांशी लक्ष फेऱ्यांनंतर माणसाचा जन्म मिळतो, त्याची सर दुसऱ्या कुठल्या देहाला नाही. एक राजा कबुतराच्या जिवासाठी आपल्या मांडीचं मांस तागडीत टाकत होता, आणि चार अध्याय सोडून दुसऱ्या राजानं एका शिकारीत इतकी हरणं मारली म्हणून त्याचीच वाहवा चालली होती. एकजण कुत्र्याला सोडून स्वर्गाची पायरी चढेना. ते ऐकून बायांनी डोळ्यांना पदर लावले, आणि त्याच संध्याकाळी देवळाच्या पायरीवर आलेल्या कुत्र्याच्या पेकाटात पुजाऱ्यानं लाकूड घातलं.

“काका,” मंजुळाबाई विचारायची, “दोन्ही खरं कसं?”

भगवानराव भला माणूस. खोटं बोलणं त्यांच्या जिवावर यायचं. “पोथीत दोन्ही आहे, बाई,” ते म्हणायचे. “कुठं कुठलं लावायचं ते अधिकारी माणसानं ठरवायचं.”

“आन् अधिकारी कोन?”

यावर भगवानराव पोथीला फडकं गुंडाळू लागायचे. पण अधिकारी कोण ते दहाव्या वर्षी तिला नीटच कळलं.

मंजुळाबाईची एक गाय होती, मोरी. पुंजाजीनं अमडापूरच्या बाजारातून आणली तेव्हा ती हाताएवढी पाडी होती. आता तिचं तिसरं वेत झालं होतं, अंगाशी कालवड होती. त्या श्रावणात पोथीनं सांगितलं, लेकुरवाळ्या गाईला दाव्यानं जखडून ठेवू नये. मंजुळाबाईला पटलं, तिनं गाय मोकळी ठेवली. चौथ्याच दिवशी मोरी पाटलांच्या ज्वारीत शिरली, पाटलांच्या गड्यानं तिला सरकारी कोंडवाड्यात नेऊन घातलं, आणि मंजुळाबाईला दंड भरून सोडवून आणावी लागली. वर पाटलांनी चार लोकांत सुनावलं, “गाय बांधून ठेवत जाय, मंजुळाबाई. पोथीनं माह्यं पीक उभं राह्यत नाही.”

मग तिनं गाय बांधली. आणि भादव्यातल्या एका सकाळी गोठ्यात जाते तो मोरी आडवी पडलेली, तोंडाला फेस, मागच्या पायावर सापाच्या दातांचे दोन ठिपके. गळ्यातलं दावं ओढून ओढून तिनं खुंटा हलवला होता, पण उपटला नव्हता. कालवड आईच्या पोटाला ढुसण्या देत होती. मंजुळाबाई गाईच्या मानेवर डोकं ठेवून रडली, मोठ्यानं रडली, पुंजाजी गेला तेव्हाही इतकं मोकळं रडली नव्हती. घरातलं त्याच्या हातचं शेवटचं जनावर होतं ते.

दुपारपर्यंत गावात एकच बोलणं झालं, मंजुळाबाईची गाय दाव्यात मेली.

ज्यांना हा नेम ठाऊक नसेल त्यांना सांगायला हवं. गाय रानात मरो, गोठ्यात म्हातारी होऊन मरो, त्याचं पाप नाही. पण गळ्यात दावं असताना मेली तर धन्यानं गोहत्या केली. मग तेच दावं धन्यानं आपल्या गळ्यात घालायचं, पाच गावं भीक मागायची, आणि तेवढे दिवस माणसाचा शब्द तोंडातून काढायचा नाही. दारोदार गाईसारखं हंबरायचं. शेवटी पंचांच्या पुढाऱ्यानं आपल्या हातानं दावं काढलं की माणूस जातीत परत. तोवर त्याला पाणी नाही, विस्तव नाही, सोयरीक नाही.

सोयरीक नाही, हे मंजुळाबाईच्या वर्मी लागणारं होतं. तिच्या विमलचं लग्न मेहकरला ठरलं होतं. चांगलं घर, पोरगा शहाणा, हुंड्याची हाव नाही. दुसऱ्याच दिवशी तिकडून निरोप आला. गाईचं निस्तरा, मग तिथी काढू, नाहीतर आमचा रस्ता मोकळा. विमल चुलीपुढे बसून राखेत काडीनं रेघा ओढत राहिली, आणि ते पाहणं मंजुळाबाईला कुठल्याही बोलण्याहून जड गेलं.

चूल विझलेली होती, कारण विस्तव द्यायला कुणी तयार नव्हतं. शेवटी भिंतीपलीकडून फातिमानं खापरात निखारे दिले. तिचा नवरा गफ्फार नालबंद, बाजारात बैलांच्या खुरांना नाल ठोकायचा. गावचे पंच त्याचे कुणी लागत नव्हते, त्यामुळे त्याला बोलायला मोकळीक होती.

“भाबी, आमच्या किताबातबी दोन्हीबी हाये,” तो भिंतीवर कोपर टेकून म्हणाला. “मौलवीसाहेब एक डाव सांगतात का जनावरं, पाखरं, सगळ्या तुमच्यावानीच जमाती हायेत. दुसऱ्या डावाले सांगतात का हे सगळं तुमच्यासाठीच पैदा केलं, बसा, नांगराले जुपा, खा.”

“मंग तुमी कोन्तं पाळता?”

“म्या काय करतो, बैलाले दोरानं पाडतो, नाल ठोकतो, आन् सोडतेवक्ती त्याच्या कानात माफी मागतो. दोन्ही झालं.” गफ्फार हसला, आणि मग हसायचा थांबला. “पन दोर मात्र रोज पाह्यतो, भाबी. झिजल्या दोरानं बैल लंगडा झाला तं तो गुनाह माहा. बैलाचं नशीब म्हनून मले सुटता येत नाही.”

मंजुळाबाईच्या हातात खापर तसंच होतं. निखाऱ्यांची धग हाताला लागत होती तरी तिचं लक्ष नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर पंच बसले. पुढारी अर्थातच किसनराव पाटील. शेजारी म्हातारे अर्जुनराव, गावच्या सुनांचे मामंजी, ज्यांना जातीचे सगळे नेम तोंडपाठ होते. शास्त्र सांगायला भगवानरावांना पोथीसकट बोलावलं होतं. मंजुळाबाई पाराखाली उभी. गाव भोवती जमलं होतं, कारण गावात दुसरी करमणूक नव्हती.

“गाय दाव्यात मेली, हे कबूल?” पाटलांनी विचारलं.

“कबूल. दावं कोनाच्या सांगन्यावरून बांधलं तेबी लिवून घ्या.”

“मले तोंड नको वर करू. पाप बांधनाऱ्याच्या हाताचं असते.”

“मंग काका,” मंजुळाबाई भगवानरावांकडे वळली, “एवढं सांगा. मुंगीपासून हत्तीपर्यंत जीव एकच, का माणसाचा थोर?”

भगवानरावांनी घसा साफ केला. “एका दृष्टीनं एकच. एका दृष्टीनं माणसाचा जन्म थोर.”

“जीव एकच आसन तं गाईले जो नेम, तोच माणसाले. माणूस थोर आसन तं त्याले गाईहून मोठा नेम. कसंबी धरा. तुमच्या पोथीत तिसरा रस्ता हाये का, का गाय दोरात मेली तं पाप, आन् माणूस दोरात मेला तं प्रारब्ध?”

नऊ वर्षांपूर्वीचं प्रेत जणू मधोमध आणून ठेवलं होतं. पाटलांच्या कपाळावरची शीर उठून दिसायला लागली.

“विषय गाईचा हाये,” ते म्हणाले.

“माह्या नवऱ्याचा विषय कव्हा होता, पाटील? तेवढं सांगा, मी त्या दिसाले येते.”

“भगवानराव!” पाटील ओरडले. “शास्त्र काय म्हनते तेवढं सांगा आन् मोकळे व्हा.”

भगवानरावांनी पोथी उघडली, मिटली. मग ते असं काही बोलले, जे पाटलांना त्यांच्याकडून अपेक्षित नव्हतं. “गाईच्या प्रायश्चित्ताचं शास्त्रात आहे. पण हे गळ्यात दावं घालून हंबरणं, ते पोथीत नाही. ती तुमची जातीची रूढी आहे. आणि बाई विचारते ते पान मी तीस वर्षांत पाहिलेलं नाही.”

लोकांत कुजबूज झाली. तेव्हा अर्जुनरावांनी काठी आपटली. म्हातारा माणूस सरळ होता, पण त्याच्या नेमाला कुणी बोट लावलेलं त्याला खपत नसे. “पोथीत नसन तं नसन,” ते म्हणाले. “आमच्या बापजाद्याचं हाये. मंजुळे, हंबराचं काऊन, मालूम हाये तुले? मुक्या जीवानं मरतेवक्ती काय म्हटलं ते कोनी आयकलं नाही. म्हून जो दोरात मेला त्याच्या घरच्यानं आपलं तोंड त्याले द्याव. मेलेल्याचा आवाज दारोदार न्याव. यात कमीपना नाही, पोरी. मेलेल्याचं देनं हाये ते.”

नऊ वर्षं मंजुळाबाई पोथीत जे शोधत होती ते या बिनअक्षरी म्हाताऱ्याच्या तोंडून निघालं होतं.

“मेलेल्याचा आवाज,” ती हळूच म्हणाली. “हा नेम पक्का, मामंजी?”

“पक्का.”

“दावं गळ्यात आसतानी कोनी अडवाचं नाही?”

“अडवन त्याच्यावर पाप.”

“आन् दावं काढेपर्यंत आवाज थांबवाचा नाही?”

“नाही. पुढाऱ्यानं आपल्या हातानं काढलं का संपलं.”

“मंग मी घेते पराचित,” मंजुळाबाई म्हणाली.

बाई वाकली, असं म्हणून पाटलांनी सुपारी फोडली.

आता कुणाला वाटेल की मंजुळाबाईनं हंबरण्याची थट्टा केली असेल. मुळीच नाही. मोरीचं दावं तिनं आपल्या हातानं गळ्यात घातलं, त्याला अजून गाईचा वास होता. शेजारच्या पहिल्या गावात पहिल्या दारापुढे ती उभी राहिली, डोळे मिटले, आणि मोरी कालवडीला हाक मारायची तशी हंबरली. दारातल्या सासुरवाशिणीनं सूप खाली ठेवून पदर पुढे ओढला. चार गावं, चार दिवस, ती असंच हंबरत फिरली. पोरांनी नकला केल्या, एका टवाळानं तिच्यापुढे गवताची पेंढी टाकली. तिनं ती उचलून झोळीत ठेवली आणि घरी येऊन कालवडीला घातली. पायांना फोड आले, घसा बसला. विमल तिच्या पायांना तेल चोळताना रडायची, तेव्हा ती बोलायची नाही, कारण नेम नेम होता. गाईचं देणं तिनं गाईच्या मापानं चुकतं केलं.

पाचवं गाव तिचं स्वतःचं. त्या दिवशी बाजार नव्हता, म्हणून सगळी माणसं घरी होती. मेहकरचे सोयरेही दावं निघताना पाहायला आले होते आणि पाटलांच्या ओसरीवरच पाहुणे म्हणून बसले होते. मंजुळाबाईनं वेशीतल्या पहिल्या घरापासून सुरुवात केली. घरातली बाई दाणे घेऊन बाहेर आली आणि हंबरणं ऐकायला थांबली.

मंजुळाबाईनं तोंड उघडलं. “पाटील, दोर झिजला. दुसरा द्या.”

बाईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मंजुळाबाई झोळी पसरून उभी होती. चार दिवस हंबरून तिचा आवाज असा बसला होता की तो बाईचा वाटत नव्हता.

“पाटील, दोर झिजला. दुसरा द्या.”

बाईनं दाणे घातले. मंजुळाबाई पुढच्या दारी गेली.

पहिल्या चार-पाच घरांत कुणाला काही कळलं नाही. सहाव्या घरी एक म्हातारा बाजेवर बसला होता. त्या दिवशी विहिरीच्या काठावर दोर धरणाऱ्यांत तो होता, आणि पंचनाम्यावर त्याचाही अंगठा होता. त्यानं ते शब्द ऐकले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग उठला आणि तिच्या मागे चालू लागला. त्याला कुणी विचारलं, “काय म्हनून राह्यली थे?” तर तो एवढंच म्हणाला, “पुंजाजी असंच म्हने. याच शब्दात म्हने. म्या आयकलं.”

मग काय, गल्लीतून गल्ली बातमी तिच्या पुढे पळायला लागली. लोक दार उघडून आधीच उभे राहायला लागले. प्रत्येक दारी तेच चार-पाच शब्द, ना शिवी, ना रडणं, ना कुणाला शाप. गफ्फारच्या दारी जायचा तिला नेम नव्हता, पण तो रस्त्यावर येऊन उभा राहिला आणि ती जाईपर्यंत त्यानं डोईवरची टोपी हातानं दाबून धरली.

पाटलांनी आवाज लांबून ऐकला. आधी त्यांना वाटलं कुणी हाक मारतंय. मग शब्द कळले, आणि त्यांनी गड्याला अर्जुनरावांकडे पळवलं, बाईला थांबवा म्हणून. गडी परत आला तो मान खाली घालून.

“काय म्हने म्हातारा?”

“म्हने, दावं गळ्यात हाये, अडवता येत नाही. आन् म्हने, मेलेल्याचा आवाज म्याच सांगतला होता. दोरात आधी मेला थो कोन, हे तुमी त्या दिसाले इचारलंच नाही.”

आवाज जवळ येत होता. तेल्याचं घर झालं, सुताराचं झालं, देवळाची गल्ली झाली. पाटलांची बायको गीताबाई सुपात गहू घेऊन ओसरीवर आली. नऊ वर्षं तिनं नवऱ्याला या गोष्टीबद्दल एक शब्द विचारला नव्हता. तिनं विचारलं नव्हतं, आणि त्यांनी सांगितलं नव्हतं.

मंजुळाबाई पाटलांच्या दारापुढे येऊन उभी राहिली. मागे सगळं गाव.

“पाटील, दोर झिजला. दुसरा द्या.”

गीताबाईनं गहू घातले नाहीत. ती नवऱ्याकडे पाहत होती. “तो असं बोल्ला होता?” तिनं विचारलं. “तुमच्याशी?”

पाटील पुढे झाले. “हे काय चालवलं, मंजुळाबाई? पराचित गाईचं होतं.”

“पाटील, दोर झिजला. दुसरा द्या.”

“किती दाने पाहिजेत? घे, अन् जाय घरी.”

“पाटील, दोर झिजला. दुसरा द्या.”

किसनराव माणूस हुशार होता, पेच त्यांना तिथेच कळला. दावं काढलं तर बाईचं प्रायश्चित्त पुरं झालं, म्हणजे तिनं काढलेला आवाज सगळ्या पंचांनी मान्य केला. नाही काढलं तर ती उद्या येणार, परवा येणार, त्याच दारी, त्याच शब्दांनी, आणि नेमाप्रमाणे तिला अडवणाऱ्यावरच पाप. मेहकरचे पाहुणे उठून उभे राहिले होते. आणि समोर ती बाई, पायांना चिंध्या गुंडाळलेली, डोळ्याला डोळा भिडवून.

“पाटील, दोर झिजला. दुसरा द्या.”

तिच्या आवाजात आता काहीतरी तुटलं, शेवटचा शब्द नुसताच श्वास होऊन निघाला. पाटील तीन पायऱ्या उतरले. त्यांनी हात वर केले, गाठ लवकर सुटेना. शेवटी सुटली. दावं मंजुळाबाईच्या गळ्यातून निघून त्यांच्या हातात आलं.

मंजुळाबाईनं मान चोळली. पाच दिवसांत ती पहिल्यांदा स्वतःचं बोलली.

“दिला बाप्पा दोर,” ती म्हणाली. “नऊ वर्सं लागली तुमाले.”

एवढंच म्हणून ती वळली. पाटील दावं हातात घेऊन तसेच उभे. नेम असा, की पापाचं दावं नदीत सोडायचं, उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. ते सोडायला प्रायश्चित्त घेणाऱ्यानं जायचं असतं, पण ती तर घरी चालली होती, आणि तिला बोलवायची कुणाची छाती नव्हती. पाटील ओसरीकडे वळले तेव्हा गीताबाई उंबऱ्यात आडवी उभी होती.

“घरात आनाचं नाही ते,” ती म्हणाली. “जिथं सोडाचं तिथं सोडून या. पायी जा.”

गावासमोर, पाहुण्यांसमोर, दावं हातात घेऊन किसनराव पाटील नदीच्या वाटेला लागले. छकडा जुंपू का असं गड्यानं विचारलं नाही. वाटेत जे भेटले त्यांनी रामराम घातला नाही, बाजूला सरून रस्ता दिला, जसा गळ्यात दावं असलेल्याला देतात.

विमलचं लग्न वैशाखात झालं. मेहकरच्या सासऱ्यानं स्वतः येऊन तिथी काढली, आणि जाताना अर्जुनरावांना म्हणाला की अशा बाईची लेक घरात असलेली बरी, निदान खरं कोन बोलते ते तं कळन. पंचनाम्याचा कागद बुलढाण्याला होता तसाच राहिला, त्यावर पुंजाजीचा पाय अजूनही घसरतोच आहे. पण गावात त्यानंतर गाळ काढायला माणूस सोडायच्या आधी दोर हाताहातांतून फिरवून पाहायची चाल पडली. पाटलांच्या मळ्यातही.

पुढच्या चातुर्मासात मंजुळाबाई खांबामागे बसली नाही, पुढे येऊन बसली. भगवानरावांनी पोथी उघडण्याआधी तिच्याकडे पाहिलं. “बाई, ते पान शोधायचं का अजून?”

“नाही काका,” ती म्हणाली. “नसलेलं पान सापडलं मले. तुमी वाचा.”

मोरीची कालवड तिनं कधी बांधली नाही. ती गावभर हिंडायची, मन मानेल तिथे तोंड घालायची, आणि दर पावसाळ्यात एकदा तरी पाटलांच्या ज्वारीत शिरायची. तिला कोंडवाड्यात नेऊन घालायला मात्र गावात कुणी तयार झालं नाही.